‘कळलं का?’ हे विचारायचं कुणाला



ही व्याख्यानमाला ज्या गुरुजींच्या नावाने चालते, त्यांना मी पाहिलेलं नाही. मी या तालुक्यात दवाखाना टाकला तेव्हा ते जाऊन काही वर्षं झाली होती. पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या बायका सही करताना अजून त्यांची आठवण काढतात. दिवसभर शेतात राबून रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांच्या वर्गात बसायचं, असं करत करत त्या आपलं नाव लिहायला शिकल्या. त्यामुळे विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. आज मी आरोग्य साक्षरतेविषयी बोलणार आहे. आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण या विषयाकडे मी पुस्तकांतून वळले नाही, त्या चुकीमुळे वळले.

प्रॅक्टिस सुरू करून वर्षही झालं नव्हतं. जवळच्या वाडीवरची एक पहिलटकरीण सासूबरोबर तपासायला आली. पाचवा महिना लागलेला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठाच्याही खाली. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, पालेभाज्या खा म्हणून सांगितलं, महिन्याने बोलावलं. महिन्याने पुन्हा तपासलं, आकडा जिथल्या तिथे. मी चिडले. सासूच्या देखत म्हणाले, “गोळ्या फेकून देतेस ना? खरं सांग.” ती काही बोलली नाही. पिशवीत हात घालून तिने गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. तीन पाकिटं, तीसच्या तीस गोळ्या काढलेल्या. मग हळूच म्हणाली, “रोज घेते मॅडम. सकाळच्या चहाबरोबर घेते, म्हणजे विसर पडत नाही.”

चहातला तुरट अंश लोहाला धरून ठेवतो, ते रक्तात फारसं उतरत नाही. मला हे पाठ होतं. तिला मी सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर गोळीचं इंग्रजी नाव आणि पुढे ‘ओडी’ (म्हणजे दिवसातून एकदा), एवढंच. या गोळ्यांनी शौचाला काळी होते, हेही सांगायचं राहिलं होतं. ते पाहून ती हबकली, बाळाला काही होईल का या धास्तीने दोन रात्री झोपली नाही, तरी तिने एक गोळी चुकवली नाही. ही मुलगी दहावी पास होती. दवाखान्यात बसल्या बसल्या वर्तमानपत्र वाचायची.

आपल्या जनगणनेच्या लेखी सात वर्षांवरची जी व्यक्ती कोणतीही एक भाषा समजून वाचू-लिहू शकते, ती साक्षर. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ८२ टक्के लोक असे साक्षर निघाले, आणि ती त्यांच्यात होती. महिनाभर जे अडलं ते तिच्या वाचण्यापाशी अडलं नव्हतं, माझ्या सांगण्यापाशी अडलं होतं. आरोग्य साक्षरता या शब्दाचा पन्नास वर्षांचा प्रवास मी वाचला तो हीच खूण धरून. अडतं ते कुणापाशी?

हा शब्द छापील लिखाणात आला १९७४ साली. स्कॉट सायमंड्स या अमेरिकन आरोग्यशिक्षण तज्ज्ञाने तो वापरला. शाळेत भाषेचा, गणिताचा जसा इयत्तेप्रमाणे किमान दर्जा ठरलेला असतो, तसा आरोग्याच्या ज्ञानाचाही असावा, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे शब्द जन्मला तो शाळेच्या वर्गात, दवाखान्यात नव्हे. पुढची पंधरा-वीस वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

दवाखान्यात तो शिरला १९९०च्या दशकात, आणि तिथे त्याचा अर्थ आक्रसला. रुग्णाला वाचता येतं का, हे मोजायच्या चाचण्या निघाल्या. एका चाचणीत वैद्यकातले ६६ शब्द मोठ्याने वाचायला द्यायचे. दुसरीत रुग्णालयाच्या सूचनापत्रातले मधले मधले शब्द गाळायचे आणि रुग्णाने ते भरायचे. १९९५ साली छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या दोन सार्वजनिक रुग्णालयांत २,६५९ रुग्णांना असं तपासलं होतं. ‘औषध रिकाम्या पोटी घ्या’ ही सूचना सुमारे ४२ टक्क्यांना कळली नाही. पुढची तारीख कधीची, हे २६ टक्क्यांना कळलं नाही. आणि ऑपरेशनच्या आधी सही घेतात ते संमतीपत्र जवळजवळ ६० टक्क्यांना कळलं नाही. सही मात्र सगळ्यांकडून घेतली जाते. आपल्याकडे तर रिकाम्या पोटी म्हणजे काय यावरही एकमत नसतं. चहा आणि दोन बटर खाल्ले तरी ‘अजून काही खाल्लं नाही’ असंच आपण म्हणतो, आणि आपल्या भाषेच्या रीतीने ते बरोबरच असतं.

त्याहून मला जास्त हलवून गेला तो २००६ सालचा एक साधा प्रयोग. अमेरिकेतल्याच ३९५ रुग्णांना औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना दाखवल्या. त्यातली एक होती: दोन गोळ्या, दिवसातून दोन वेळा. वाचनात कच्चे असलेल्यांपैकी शंभरातल्या सत्तरांनी ती बरोबर म्हणून दाखवली. मग त्यांना सांगितलं, आता दिवसभराच्या गोळ्या मोजून समोर ठेवा. चार गोळ्या मोजून ठेवता आल्या त्या शंभरातल्या जेमतेम पस्तिसांना. वाक्य तोंडपाठ असणं आणि चार गोळ्या हातावर येणं, यात एवढं अंतर आहे. आम्ही डॉक्टर लोक वाक्यावर समाधान मानतो. “कळलं का?” विचारतो. समोरचा “हो” म्हणतो. बाहेर रांग असते, डॉक्टर घाईत असतो, मागे सासू उभी असते; “नाही कळलं” म्हणायला धीर लागतो. चष्मा घरी राहिला म्हणून कागद शेजारच्याच्या हातात देणारी माणसं मी रोज पाहते. त्यातल्या कितीजणांना चष्माच नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली.

या काळात अमेरिकेत जी व्याख्या रूढ झाली, तिचा मथितार्थ असा होता: योग्य निर्णय घेण्यासाठी लागणारी आरोग्याची मूलभूत माहिती आणि सेवा मिळवण्याची, समजून घेण्याची व्यक्तीची क्षमता म्हणजे आरोग्य साक्षरता. २००४ साली तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने याच व्याख्येवर मोठा अहवाल लिहिला. व्याख्येत मला दोन शब्द खुपतात. एक ‘व्यक्तीची क्षमता’, म्हणजे कमी पडली तर ती व्यक्ती कमी पडली. दुसरा ‘योग्य निर्णय’. योग्य कोण ठरवणार? डॉक्टर. म्हणजे माझं ऐकलं तर साक्षर, नाही ऐकलं तर अडाणी.

याला दुसरी वाट फुटली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली आरोग्यसंवर्धनाची शब्दावली काढली. ती तयार करणाऱ्या डॉन नटबीम यांनी २००० साली एक निबंध लिहून आरोग्य साक्षरतेच्या तीन पायऱ्या मांडल्या. त्यामागे ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांचा विचार होता. शेतमजुरांना अक्षर शिकवताना त्या अक्षरातून आपली परिस्थिती वाचायला शिकवायचं, हे फ्रेरे यांचं काम. नटबीम यांच्या तीन पायऱ्यांना त्यांच्या शास्त्रात जड नावं आहेत. मी मराठीत त्यांना कळणं, विचारणं आणि जाब विचारणं म्हणते. सूचना कळते, ही पहिली पायरी. न कळलेलं विचारता येतं, डॉक्टरशी, नर्सबाईशी, घरच्यांशी बोलून मार्ग काढता येतो, ही दुसरी. आणि आपल्याला हा आजार का होतो, हा उपाय आपल्याच माथी का मारला जातो, हे चारजणींनी मिळून विचारता येतं, ही तिसरी.

तिसऱ्या पायरीशी मला थांबायचं आहे, कारण तिची गोष्ट आपल्याच राज्यातली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये ‘पिशवी काढण्याचं’ प्रमाण भयंकर आहे, हे २०१९ साली गाजलं. सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,०००हून अधिक बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८००हून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा बायकांमागे एक, आणि त्यांत चाळिशीच्या आतल्या कितीतरी.

हे घडतं कसं, ते जवळून पाहा. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, म्हणून बाई दवाखान्यात जाते. पुष्कळ वेळा ही तक्रार गोळ्यांनी बरी होणारी असते. तिला सोनोग्राफीचा कागद दाखवतात आणि सांगतात, पिशवीला सूज आहे, नाही काढली तर कॅन्सर होईल. कागद इंग्रजीत. सही मराठीत. आता यावर उपाय म्हणून गर्भाशयाच्या आजारांची माहिती देणारं एक पत्रक वाटलं, तर पुरेल का? मला वाटतं, नाही. ती बाई नवऱ्याबरोबर एका कोयत्यात बांधलेली असते. कोयता म्हणजे जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा पडला तर दंड. फडावर संडास नाही, पाण्याची सोय नाही, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, आणि पहाटेपासून मोळ्या उचलायच्या. या हिशेबात पिशवी काढली की दर महिन्याची कटकट गेली, हा निर्णय तिने पुरती आकडेमोड करून घेतलेला असतो. माहिती नव्हती म्हणून ती फसली हे अर्धंच खरं. जे तिला माहीत होतं त्याचा तिला काही उपयोग करता येत नव्हता, हे उरलेलं अर्धं. पुढे तिथे जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करता येणार नाही, असा नियम झाला. तो हवाच होता. पण फडावर पाणी आणि आडोसा आला तर तोही आरोग्य साक्षरतेचाच भाग आहे, असं मी म्हणेन.

आजार नव्हतेच, असंही नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधीतरी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. सांगायला शब्द नव्हते, सांगायला माणूसही नव्हतं.

मराठीत हे शब्द आणण्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचलं, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. शरीर, संतती, गुप्तरोग यांविषयी लोकांच्या प्रश्नांना ते सरळ मराठीत उत्तरं देत. त्यापायी खटले झाले. त्यातल्या एकात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आरोग्याच्या बाबतीत विचारायचं आणि जाबही विचारायचा, हे आपल्या भाषेत सायमंड्सच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं.

आता अक्षराशिवायच्या साक्षरतेकडे येते. बांगलादेशात १९८० ते १९९० या दहा वर्षांत ‘ब्रॅक’ या संस्थेने घरोघर जाऊन एक कोटी वीस लाखांहून अधिक आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवलं. मूठभर गूळ, तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, अर्धा शेर पाणी. आईची मूठ, आईची चिमूट आणि तिच्याच घरातलं भांडं. त्या भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून द्यायची. शिकवणाऱ्या बायका दहा मुद्दे तोंडी सांगत, पाणी करून दाखवत आणि मग आईकडून करून घेत.

यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट पगाराची होती. शिकवणारीने किती घरं केली यावर पैसे मिळत नसत. काही दिवसांनी दुसरीच कुणी तपासायला यायची, काही आयांना मुद्दे विचारायची, पाणी करायला लावायची. आईला जितकं आठवलं, तितका शिकवणारीला मोबदला. म्हणजे आईला नाही आलं तर नापास शिकवणारी. तपासणीचा हा रोख कुणाकडे आहे ते ध्यानात घ्या. पुढे त्यांना आणखी एक धडा मिळाला. आयांना पाणी करता येत होतं, पण मुलाला जुलाब लागले तरी फार थोड्या जणी ते देत होत्या. खोदून पाहिलं तेव्हा दिसलं की शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना कुणी विचारलंच नव्हतं. मग शिकवणाऱ्यांची समजूत नव्याने पक्की केली. गावातले पुरुष, शिक्षक, वैदू यांच्याशी वेगळ्या बैठका घेतल्या. मग वापर वाढला.

गडचिरोलीतही अक्षराशिवायची अशीच वाट निघाली. लहान मुलाला डबा झाला, धाप लागली, म्हणजे न्यूमोनिया. पण तो ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे मोजावं लागतं. गावातल्या दायांना दहाच्या फार पुढे मोजता यायचं नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी त्यांच्यासाठी श्वास मोजायचं एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर पोराला न्यूमोनिया आहे. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद, म्हणून त्याची ओळ वेगळी. निरक्षर दायांना शंभरापर्यंत मोजायला शिकवत बसण्यापेक्षा मोजणंच त्यांच्या हातात मावेल असं करून दिलं. मला व्याख्या सांगा म्हटलं तर मी हे मणी दाखवेन.

पुस्तकातल्या व्याख्याही सावकाश इथवर आल्या. २०१२ साली युरोपातल्या अभ्यासकांनी तोवरच्या १७ व्याख्या जमवून त्यांची एक मोट बांधली. माहिती मिळवणं, समजणं, पारखणं आणि वापरणं, असे चार भाग केले. आठ युरोपीय देशांत पाहणी केली, तर जवळपास निम्मे लोक यात कमी पडले. श्रीमंत, शिकलेल्या देशांतली ही गत. निम्मे लोक परीक्षेत नापास होत असतील तर प्रश्नपत्रिका तपासायला हवी, हे तिथेही उमगलं. २०२० साली अमेरिकन सरकारने आपली व्याख्या बदलली आणि ती दोन तुकड्यांत केली. एक तुकडा व्यक्तीचा. दुसरा संस्थेचा: लोकांना माहिती आणि सेवा शोधता, समजता आणि वापरता याव्यात म्हणून संस्था किती समन्यायाने सोय करते, ती तिची साक्षरता. ‘योग्य निर्णय’ गेला, त्याजागी ‘माहितीवर आधारलेला निर्णय’ आला. २०२१ सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शब्दावलीत तर असं आलं की हे ज्ञान रोजच्या व्यवहारातून, माणसांच्या संबंधांतून आणि पिढ्यान्‌पिढ्यांतून साठत जातं, आणि संस्थांच्या रचनेवर, साधनांवर ते अवलंबून असतं. तीस वर्षांपूर्वी ६६ शब्द वाचता येतात का, इथून सुरू झालेली गोष्ट आजीच्या बटव्यापर्यंत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, म्हणजे पीएचसीच्या, खिडकीपर्यंत आली.

आता एक काळजी. रुग्ण आज माझ्याकडे येतात ते मोबाइलवर सगळं पाहून. माहिती कमी पडते हा प्रश्नच उरला नाही, पारखायची कशी हा प्रश्न आहे. साखरेची गोळी बंद करून काढ्यावर राहिलेले आणि पायाची जखम चिघळून परत आलेले रुग्ण मी पाहिलेत. त्यांना मी रागावत नाही. ज्या निरोपावर त्यांनी विश्वास ठेवला तो मराठीत होता, त्यांच्या भाच्याने पाठवला होता आणि त्यात त्यांना कुणी “तुम्हाला काय कळतं” म्हटलं नव्हतं. माझ्या चिठ्ठीत यातलं काय होतं?

रुग्णाला कळेल असं सांगण्याच्या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. समीरा कोहली या रुग्णाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की उपचाराचं स्वरूप, धोके आणि दुसरे पर्याय रुग्णाला पुरेसे सांगून घेतलेली संमती हीच संमती. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही. मेडिकल कौन्सिलने २०१६ साली औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा म्हणून नियम केला. अँटिबायोटिकसारख्या औषधांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते. ती रेघ असलेली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात. आज घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडून ती रेघ शोधा.

आता माझ्या दवाखान्यात मी “कळलं का?” विचारायचं सोडलं आहे. त्याऐवजी म्हणते, “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगशील?” मग ती सांगू लागते आणि माझं कुठे राहिलं ते मला ऐकू येतं. फार तर दोन मिनिटं जास्त लागतात. चिठ्ठीवर १-०-१च्या खाली मराठीत ओळ लिहिते. लोहाच्या गोळीपुढे लिहिते: चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या, शौचाला काळी होईल, घाबरू नका.

या सभागृहात डॉक्टर आहेत, आशाताई आहेत, शिक्षक आहेत आणि आपल्या पीएचसीच्या रुग्ण कल्याण समितीवरची मंडळीही आहेत. समितीच्या सभासदांना माझी हात जोडून एक विनंती. येत्या बैठकीत दवाखान्यातलं संमतीपत्र मागवून घ्या. ते टेबलावर ठेवा आणि गुरुजींच्या वर्गात शिकलेल्या एखाद्या आजीला बोलावून ते मोठ्याने वाचायला सांगा. जिथे ती अडेल, तिथे पेन्सिलने खूण करा, आणि तेवढ्या ओळी तिच्याच शब्दांत पुन्हा लिहून घ्या.